माझ्या नावाचा दिवा

पडद्यावरच्या त्या पोरीनं काखेत हात घालून चाचपून बघितलं आणि मला कळलं, आता हे लोक मला मारणार. रविवारचा दुपारचा खेळ, पत्र्याच्या शेडीचं थेटर, आत असा उकाडा की अंगावरचं लुगडं पिळून काढावं. शेजारी माझी सून लक्ष्मी पदराचा बोळा तोंडात धरून आधीच रडायला बसलेली. सिनेमातल्या पोरीचं नाव सरिता. आता तुम्हीच सांगा, मिठागरावर सरिता नावाची पोर कुणी ऐकली आहे? आमच्यात धाकली असते, बारकी असते, आवडा असते. तर ती सरिता काखेतली गाठ चाचपते, डॉक्टरला कळू नये म्हणून पदर घट्ट ओढून घेते आणि हसत हसत गाणं म्हणायला लागते. प्लेगची गाठ आलेला माणूस गात नाही हो. तो पाणी पाणी करतो, आणि पाणी पाजणाऱ्या आईलाच विचारतो, तू कोण? मी बघितलीत ती माणसं, डझनांनी बघितलीत. आणि मुळात गाठ तिला आलीच नव्हती. गाठ डॉक्टरला आलेली. ती पोर धडधाकट होती, आजही आहे, सत्तावन्न वर्षांची आहे, आणि बायकांच्या बाकावर बसून स्वतःचं मरण बघत होती.

खरं तर मी यायचीच नव्हते. बोलपट आला, बोलपट आला म्हणून गावातून गाडी फिरली, वर ताशा, आणि त्यातला माणूस कागद वाटत गेला. लक्ष्मीला चौथीपर्यंत येतं. तिनं वाचून दाखवलं, ‘त्यागज्योत’, प्लेगाच्या साथीतली प्रेमकथा, ठाण्याच्या आगरावर घडलेली. झालं, माजिवड्याच्या चौदा बाया डोक्यात गजरे घालून निघाल्या. मी बोलले, चला, आगर तरी बघू पडद्यावर कसं दिसतं ते. आगर बरं दिसत होतं. मिठाच्या राशी पांढऱ्याफेक दिसत होत्या, फक्त पोरगी फावडं धरत होती ते झाडू धरल्यासारखं. पण खेळाच्या आधीच जे व्हायचं ते झालेलं. पडद्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली, तिशीतली, चष्मा, अंगभर पदर, मालकानं तिला हार घातला. ती बोलली, मी मंदाकिनी, डॉक्टर विश्रामरावांची मुलगी. विश्रामराव! अडतीस वर्षांत ते नाव कुणी माझ्या कानावर घातलं नव्हतं. माझ्या हातातलं पान तसंच राहिलं, तोंडात गेलंच नाही. ती सांगत होती, बाबा दोन वर्षांमागे गेले, जाण्याआधी त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यावरून हा चित्रपट केला आहे. प्लेगात एका आगरी मुलीनं त्यांच्यासाठी प्राण दिला. बिचारी कुमारीच गेली. बाबा दर अक्षय्य तृतीयेला तिच्या नावानं देवाजवळ दिवा लावायचे, आता मी लावते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मी मला बोलली, “आय, किती मोठ्या मनाचा मानूस!” मरेपर्यंत हा बाबा माझ्या नावानं दिवा लावत होता आणि मी इकडे माजिवड्यात जिवंतपणी भात कांडत होते.

आणि अक्षय्य तृतीयाच का, हे त्या मंदाकिनीला काय ठाऊक? आम्ही त्या दिवसाला आखाती बोलतो. आखातीला आमचं लगीन लागलेलं.

सिनेमात तो डॉक्टर पहिल्यांदा गावात येतो तेव्हा सरिता लाजून दाराआड उभी असते. मेली लाजते कसली! मला तो दिवस लख्ख आठवतो. सत्त्याण्णव सालचा शिमगा झालेला, गावात रोज एकदोन मढी, घरं टाकून माणसं खाडीच्या बांधावर झोपड्या घालून राहिलेली. हा डॉक्टर घोड्यावरून आला, नवाकोरा, ओठावर मिसरूड, सोबत टोचायची पेटी. गावात बोलवा होती की सुई टोचली की माणूस तीन दिवसांत मरतो, सरकारला आगराच्या जमिनी हव्यात म्हणून हे चाललंय. कुणी पुढं होईना. बाप्ये मागे, बाया त्याच्याही मागे. मी फावडं टाकलं, पुढं गेले, दंड उघडा केला आणि बोलले, “टोच. पन आधी सवताला टोच.” सगळी हसली. तो लालेलाल झाला. पण पेटी उघडली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडात सुई मारली. तेव्हा मला तो आवडला, खोटं का बोलू? भलताच आवडला. दुसऱ्या दिवशी दोघांचेही दंड सुजून भोपळे झालेले, त्याला ताप, मला ताप. ताप उतरला तसा मी त्याच्यामागून झोपडी झोपडी हिंडायला लागले, कारण बाया माझ्याकडे बघून दंड पुढं करत.

तरी त्याला गाठ आली. सुई घेऊनही येते कधी कधी, तोच सांगायचा. उजव्या काखेत, लिंबाएवढी. त्याच्याबरोबरचा शिपाई आणि कंपाउंडर दोघे रातोरात पसार झाले. कल्याणला त्याच्या घरी निरोप धाडला, घरून कुणी आलं नाही. आता मी त्यांना नावं ठेवत नाही, त्या दिवसांत बाप लेकाला टाकून जात होता. सोळा दिवस मी त्या झोपडीत होते. गाठ पिकली तेव्हा मीच फोडली, त्यानं शुद्धीवर असताना सांगितलं तशी, वस्तरा उकळून. त्याचा तो आवाज अजून कधी कधी कानात येतो, भांडी घासताना, उगाचच, काही कारण नसताना. वाचला. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कोट घालता येईना म्हणून चिडायचा, लहान पोरासारखा रडायचा. मी त्याला शिकवलं, अरे, आधी दुखरा हात घाल बाहीत, मग चांगला. चांगल्या हाताला वाकता येतं, दुखऱ्याला कशाला वाकवतोस? त्यावर तो माझ्याकडे जे बघत राहिला ते बघणं खरं होतं. आज अडतीस वर्षांनी, त्या थेटरात, एवढा राग आलेला असताना सुद्धा मी सांगते, ते खरं होतं. सिनेमात यातलं काहीच नव्हतं. सिनेमात तोच तिला औषध पाजत होता आणि ती त्याच्या पायांकडे बघत होती.

माझी आयस, ठमाबाई, गावची धवलारीण. आमच्या घरी त्या काळी लग्नाला भट लागत नव्हता. धवलारीण लागायची. ती धवले गाते, सूर्याला, खाडीला, गावदेवीला नावं घेऊन आवतण देते, आणि तिच्या गाण्यावर लगीन लागतं. डॉक्टरनं तिच्याकडे स्वतः येऊन मला मागितलं. आयसनं त्याला विचारलं, “तुजं घरचं?” तो बोलला, ते मी बघतो. आखातीला पाटावर बसला. हळद लावून घेतली, दोन्ही गालांना, गळ्याला, आणि उजवा हात वर जात नव्हता म्हणून मुंडावळ्या मी बांधल्या. आयसनं सांज ते पहाट धवले गायले. प्लेगातून उरलेलं सगळं गाव जेवलं, सुकटाची आमटी आणि भात, तोही जेवला, बोटं चाटून. चार महिने आम्ही आगराच्या चौकीशेजारच्या खोलीत राहिलो. मग साथ उतरली, भादव्यात त्याचा थोरला भाऊ आला, आता आला, आणि हा बोलला, आईला सांगून येतो. येतो बोलला तो आलाच नाही. कार्तिकात आमच्या मिठाच्या होडीवरचा एक माणूस कल्याणहून निरोप घेऊन आला, तुझ्या डॉक्टरचं लगीन ठरलंय, मार्गेसरात, म्हणजे पुढच्याच महिन्यात.

पडद्यावर सरिता खाटेवर पडलेली होती. अंगावर पांढरी चादर, केस विंचरलेले, गाठीचा पत्ता नाही, आणि डॉक्टर तिचा हात धरून बोलत होता, सरिता, पुढच्या जन्मी तू माझी होशील. मागून कुणीतरी हुंदका दिला. पुढच्या जन्मी! या जन्मी झालेली होते ती कुठं गेली? मला हसू यायला लागलं आणि लक्ष्मीनं माझ्या मांडीवर चापट मारली.

मी कल्याणला गेले ती ‘मला नांदव’ म्हणायला गेले नाही. हे नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. मी गेले काडी मोडून घ्यायला. आमच्यात नवऱ्यानं बायको सोडायची तर पंचांसमोर गवताची काडी मोडायची. काडी मोडली की दोघं मोकळी. न मोडता पळाला तर बाई ना घरची ना घाटाची, टाकलेली, ओवाळून टाकल्यासारखी. मला टाकलेली म्हणून राहायचं नव्हतं. आयस, राघोबा पाटील आणि चार पंच, आम्ही सगळी आगगाडीनं गेलो. कल्याण स्टेशनात प्लेगची तपासणी, पडद्याआड एका बाईनं माझ्या दोन्ही काखा दाबून बघितल्या आणि बोलली, काही नाही, जा. त्याच्या घरच्या ओटीवर आम्हाला कुणी बसा बोललं नाही. थोरला भाऊ दारात उभा राहिला. “लग्न? कसलं लग्न? ना भटजी, ना होम. चार बायांनी गाणी म्हटली म्हणजे लग्न होतं काय?”

आयस बोलली, “माज्या गान्यावर गावची लग्ना लागली. तुजा भाव पाटावर बसला, हलद लावून घेतली. इचार त्याला.”

मी बोलले, “मना नांदायचा नाय. काडी मोड आनि मोकली कर. नायतर मी हितंच बसतंय, तुज्या लग्नाचं वऱ्हाड येवस्तवर.”

तेव्हा तो बाहेर आला. उजवा हात अंगाशी धरलेला. माझ्याकडे बघितलं नाही. भावाला हळूच बोलला, पण मी ऐकलं, “दादा, एक काडी तर मोडायची आहे. मोडतो, म्हणजे जातील.” एवढा शिकलेला, पण तिथं चुकला. त्याला वाटलं काडी म्हणजे गवत. राघोबानं अंगणातल्या पेंढ्यातली एक काडी उचलून त्याच्या हातात दिली आणि रीतीप्रमाणं विचारलं, “ही तुजी बायको. हिला सोडतोस?” तो घाईनं बोलला, “हो, सोडली,” आणि काडी कट्कन मोडली. राघोबा सावकाश थोरल्या भावाकडे वळला. “आयकलास? सोडली बोलला. जी धरलीच नाय ती सोडल कशी?” भावाचं तोंड बघण्यासारखं झालं. विश्रामचंही. तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काडीचे दोन्ही तुकडे घेतले आणि त्याच्याच अंगणात टाकून दिले. ठेवले बिवले नाहीत, मला काय करायचे होते? स्टेशनात बसून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. रडले ते मुंब्र्याच्या बोगद्यात, तिथं काळोख असतो. बोगदा संपला तसे डोळे पुसले. पुढच्या वर्षी महिपतशी पाट लावला. मिठाची गोण एकटा उचलायचा माझा महिपत, आणि बोलायचा कमी. त्यानं एकदाच विचारलं, तो चांगला होता का? मी बोलले, चार महिने होता. पुन्हा कधी विचारलं नाही. आता तोही नाही.

आयस गेल्यावर गावाची धवलारीण मी झाले. माजिवडा, बाळकूम, कोलशेत, तिकडे पार खडवलीपर्यंत मला बोलावणं येतं. किती लग्नं लावली त्याची गणती नाही. लक्ष्मीचं मीच लावलं. त्या बाकांवर बसलेल्या चौदा जणींतल्या अकरा जणींची मी लावली. म्हणून माझं डोकं फिरलं. तो मला मेली बोलला असता, चालून गेलं असतं, म्हाताऱ्या बाईला मेली बोलायचे दिवस काही लांब नाहीत. पण कुमारी? कुमारी गेली म्हणजे माझ्या आयसचं गाणं खोटं, त्या रात्रीची हळद खोटी. आणि तिचं गाणं खोटं तर मी गायलेलं सगळं खोटं, या अकरा जणी काय अशाच नांदतात, त्यांची पोरं काय अशीच? थोरल्या भावाला जे दारात उभं राहून सिद्ध करता आलं नाही ते यानं पुस्तकात लिहून, गाणी घालून, पडद्यावर नाचवून सिद्ध केलं. आणि वर लोक रडतात. मेलेल्या बाईवर प्रेम करायला काय लागतं? ती दारात येत नाही, काडी मागत नाही.

चिता पेटली. डॉक्टर हातात दिवा घेऊन उभा, मागून गाणं सुरू. मी चपला काढल्या आणि बाकावर चढून उभी राहिले. बायकांचे बाक मागे, मशीनच्या झरोक्याखालीच. झरोक्यातला सगळा उजेड माझ्या मानेवर आला आणि समोर पडद्यावर, बरोबर चितेवर, माझं काळं डोकं पडलं, अंबाड्यासकट. एकदम ओरडा सुरू झाला. “ए म्हातारे, बस खाली!” “अरे, कोण आहे ती?” लक्ष्मी माझं लुगडं ओढायला लागली, “आय, काय करता, लोक हसतात!”

“नाय बसनार!” मी ओरडले. धवलारणीचा गळा आहे माझा, मांडव भरून उरतो. “ती मेली नाय! मीच ती! आवडा माजं नाव!”

मशीन थांबलं. दिवे लागले. काही लोक हसत होते, कुणीतरी शिट्टी मारली, मालक तरातरा आला. पण त्याच्या आधी ती मंदाकिनी आली. जवळून बघितली तर कपाळ बापाचं होतं, तेच, रुंद. “आजी, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी देऊ?”

“पानी नको. आता जाललीस ती मी हाय.”

तिनं मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शिकलेली माणसं खुळ्याशी बोलतात तशी हळू बोलली, “आजी, ती मुलगी प्लेगात गेली. बाबांनी स्वतः लिहिलंय.”

मी बाकावरून खाली उतरले नाही. वरूनच विचारलं, “तुजा बापूस कोट घालताना आधी कंचा हात घालायचा?”

“काय?”

“कंचा हात?”

“उजवा,” ती बोलली. “आधी उजवा. शेवटी शेवटी मीच घालायचे त्यांना. त्यांचा तो हात…”

“वर जात नव्हता.”

“घोड्यावरून पडले होते.”

“घोडा बिचारा गरीब व्हता. काखंत वण व्हता ना? आडवा? तो माज्या वस्तऱ्याचा. गाठ त्याला आली, बाय. सोला दिस मी उपसला त्याला. मंग आखातीला माज्या आयसनं आमचं लगीन लावलं, आनि कार्तिकात तुमच्याच ओटीवर पाच पंचांम्होरं त्यानं काडी मोडली. सोडली बोलला. इचार, अजून कोन म्हातारं असल तुमच्या आलीत.”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं ही आता बोलेल, खोटं आहे, बाईला बाहेर काढा. त्या थोरल्याची पुतणीच ना ती! पण ती अगदी बारीक आवाजात बोलली, “आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला आई जेवायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय. दर वर्षी त्याच दिवशी कसं दुखायचं?” मला त्या बाईचा, जिला मी कधी बघितलं नाही तिचा, पहिल्यांदाच विचार आला, आणि वाईट वाटलं. मंदाकिनी बोलली, “मी आता काय करू, आजी?”

“तू काय करनार? शिनेमा तू बदलू शकत नाय. पन घरी तो दिवा लावतेस ना माज्या नावाचा, तो लावू नको. जित्या मानसाचा दिवा लावत नाय कोनी.”

तिनं मान हलवली. मालक मधे पडला, खेळ पुढं चालू करू का, लोकांनी तिकिटं काढलीत, आजी, आता बसा. मी बोलले, चालू कर, खुशाल कर, लोकांना बघू दे. पण मी बसणार नाही. तो मंदाकिनीकडे बघायला लागला. ती बोलली, “राहू द्या त्यांना उभं.” आणि माझ्या बाकाच्या कडेला, तिथंच खाली, बायकांत बसली.

दिवे गेले. पुन्हा चिता, पुन्हा गाणं, त्या तुटलेल्या जागेपासून, आणि पुन्हा चितेवर माझं डोकं. लक्ष्मी अजून माझ्या लुगड्याचा सोगा धरून होती. मला वाटलं पुन्हा ओढते की काय. पण ती त्याच सोग्याचा आधार घेऊन वर चढली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. “माजं लगीन तुमीच लावलाव, आय,” ती बोलली, अजून नाक ओढत. मग तिच्यापलीकडे बाक करकरला, मग मागचा. आमच्या बाया. पडद्यावर आता चिता दिसेना, डॉक्टर दिसेना, नुसती डोकी आणि गजरे. मी आयसचा पहिला धवला काढला, सूर्यदेवाला आवतण देतात तो, आणि अकरा जणींनी उचलला. सिनेमात मागून कुणी बाई गात होती बहुतेक. तिचा आवाज काही कुणाला ऐकू आला नाही.